दोनशे त्रेपन्नावी ओळ

मामा, "तुम्हाला इंग्रजी वाचता येत नाही आणि मला अक्षरं शिकवता?" असं मी तुम्हाला म्हटलं, त्याला आज सव्वा महिना होऊन गेला. तुम्ही गेलात त्याला सतरा दिवस. मधले तीन आठवडे उरतात, आणि माझा जीव त्या तीन आठवड्यांतच अडकून बसलाय. तुमच्या दारापासून माझं दार पंचवीस पावलांवर. शुक्रवार पेठेतल्या आपल्या बोळात एकाच्या घरी फोडणी पडली की दुसऱ्याच्या घरी ठसका लागतो. तरी तीन आठवडे मी ती पंचवीस पावलं चालले नाही. आता लिहायला बसलेय तर एका जागी बसवत नाही. एवढ्यात दोनदा उठून दाराशी जाऊन आले.

बोळातले लोक तुमच्याबद्दल चांगलंच बोलतात. नरसय्या म्हणजे देवमाणूस, कधी कुणाला उलटून बोलले नाहीत, वगैरे. मला ते ऐकवत नाही. देवमाणूस तुम्ही बिलकूल नव्हता. हट्टी होता. चहात साखर कमी पडली तर तोंडाने काही न बोलता कप तसाच ठेवून उठत होता. आणि माझ्या डब्याला हसणारा पहिला माणूस तुम्हीच. राजव्वा मामी मागून तुमचा सदरा ओढत होत्या, तरी तुम्ही हसत राहिलात.

डबा म्हणजे माझा कॉम्प्युटर. त्याला डबा हे नावही तुमचंच. दिवाळीत दादा अमेरिकेहून आला तेव्हा घेऊन आला. दोन-तीन वर्षांपूर्वी त्याने तो घरीच स्वतःच्या हाताने जोडला होता. आता नवा घेतला, म्हणून जुना माझ्या गळ्यात मारला. "तू गणिताची बाई आहेस, तुझं डोकं चालेल त्यात," म्हणाला आणि पंधरा दिवसांत परत गेला. डब्याच्या तोंडावर आठ खटके, खटक्यांवर आठ बारके दिवे, बाजूला एक बटण, कोपऱ्यात एकटाच एक लाल दिवा. शेजारी हातभर रुंदीचा काचेचा पडदा. तिकडची वीज वेगळी, म्हणून रेडिओवाल्याकडून एक ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घेतला, तो विटेएवढा जड आणि तव्याएवढा गरम.

या यंत्राची खोड अशी की बंद केलं की सगळं विसरतं. पुन्हा चालू केलं की आधी त्याला उठवावं लागतं. त्याची एक यादी असते, तीनशे एकोणीस ओळींची. प्रत्येक ओळीत आठ खुणा, एक किंवा शून्य. एक असेल तिथे खटका वर, शून्य असेल तिथे खाली, मग बटण दाबायचं, की ओळ आत गेली. कुठलीही ओळ पुन्हा काढली की तिच्या खुणा दिव्यांवर दिसतात. शेवटची ओळ म्हणजे आधीच्या सगळ्या ओळींची बेरीज. यंत्र आपली आपण बेरीज करतं आणि ताडून बघतं. जुळली तर पडद्यावर शब्द येतो, नाही जुळली तर लाल दिवा. चूक आहे एवढंच तो सांगतो, कुठे आहे ते सांगत नाही. पूर्वी हे उठवायचं काम एक चिप करायची, ती दादाने नव्या यंत्रासाठी काढून घेतली होती आणि बदल्यात मला छापील यादी दिली होती, तिकडच्या कुठल्याशा हौशी मंडळींच्या पत्रकातली. ती त्याने स्वतः कधी वापरून पाहिली होती का, हे मी त्याला विचारलंच नाही.

आठ दिवस मी एकटीने झटले. रोज शाळेतून आले की खटके. दीड तास खटके, मग लाल दिवा. मध्येच लाइट गेली की पुन्हा पहिल्या ओळीपासून. मागच्या गल्लीतले चादरींचे माग सुरू झाले की विजेचा दाब उतरायचा आणि डबा विसरायचा. नवव्या दिवशी तुम्ही आमच्याकडची शिडी मागायला आलात आणि शिडी विसरून यादीवर वाकलात. चष्मा कपाळावर सरकवून म्हणालात, "बाई, ही तर कार्डं हायती की!"

मला आधी कळलंच नाही. चादरीवरचा मोर मागाला कळावा म्हणून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची, तुमच्या भाषेत कार्डं कापायची, हे तुमचं जन्मभराचं काम. भोक असेल तिथला दोरा उचलला जातो, नसेल तिथला तसाच राहतो. ओळीत आठ जागा, तुमच्याकडेही आणि माझ्याकडेही. तुम्ही खुर्ची ओढून बसलात ते बसलातच. शिडी बिचारी भिंतीलाच टेकलेली राहिली.

मामा, त्यानंतरचे पाच आठवडे माझ्या आयुष्यातले फार चांगले गेले. हे मी तुम्हाला एकदाही सांगितलं नाही. अडतिसाव्या वर्षी एकट्या राहणाऱ्या बाईने घरी डबा आणून खटके वरखाली करत बसायचं, यावर बोळात काय काय बोललं जात होतं ते माझ्या कानावर होतं. तुम्ही आणि मामी संध्याकाळी येऊन बसू लागलात आणि ते बोलणं आपोआप थांबलं. तुम्ही त्यासाठीच दोघं मिळून येत होता का? विचारायचं राहिलं.

तुम्ही आल्या आल्या माझी पद्धत मोडीत काढलीत. "कापनाऱ्यानं सोता तपासायचं न्हाई," हा तुमचा पहिला कायदा. दुसरा, तपासायचं ते शेवटून सुरुवातीकडे. सरळ वाचलं की डोळा पुढं पळतो आणि जे असायला पाहिजे तेच वाचतो. तुमच्या खोलीत जन्मभर मामी वाचायच्या आणि तुम्ही कापायचा. आता मामी वाचू लागल्या आणि मी खटके टाकू लागले. "ओकटी, सुन्ना, सुन्ना, ओकटी." तेलुगूतले एक आणि शून्य मी तेव्हा शिकले. तुम्ही मागे उभे राहून दिवे तपासायचा. पहिल्याच दिवशी माझ्या चार चुका काढल्यात, पुढच्या आठवड्यात सात. मी चिडले की तुम्ही मिशीतल्या मिशीत हसायचा. "लई घाई हाय बाईंला. मोराचं मुंडकं शेपटीला लावतील."

आणि तो कायमचा वाद. "बाई, माग कार्डं वाचतो अन् चादर विनतो. ह्ये वाचतं, पन विनतं काय?" मी तुम्हाला बेरजा सांगितल्या, गणितं सांगितली. तुम्ही ऐकून घ्यायचा आणि पुन्हा विचारायचा, "ते समदं खरं. विनतं काय?" मग मी आवाज चढवायची. शाळेत मुलींवर चढवते तसा.

एकदा मात्र तुम्ही पंचवीस पावलं जवळजवळ पळत आलात. यादी फिकी पडत चालली होती म्हणून तुम्ही ती डिझाइनच्या चौकटीच्या कागदावर उतरवून घेत होता. एक तिथे काळा चौकोन, शून्य तिथे कोरा. पहिल्या शंभरावर ओळींत नुसता राडा. त्यानंतर काळ्या चौकोनांची काहीतरी चित्रं दिसायला लागली. "बाई, ह्यात अक्षरं हायती! आठ वळींत एक अक्षर!" मी बघितलं, आणि खरोखरच ए, बी, सी, डी, एकाखाली एक, झेडपर्यंत. यंत्राला अक्षरं काढायलासुद्धा आधी शिकवावं लागतं, हे मला, गणिताच्या बाईला, तुमच्या कागदावरून कळलं. त्या दिवशी आपण तिघांनी मामींच्या हातचं उप्पीट खाल्लं आणि मी चहात साखर जास्तच घातली.

त्याच कागदावर पुढे आपलं फाटलं.

शाळेतल्या विज्ञान प्रदर्शनात डबा चालवून दाखवीन, असं मी मोठ्या बाईंना कबूल करून बसले होते. आदल्या दिवशी शाळेला सुट्टी होती आणि कारखान्यांनाही, म्हणून विजेचा दाब छान होता. सकाळपासून बसलो. मामींनी वाचलं, मी खटके टाकले, तुम्ही शेवटून सुरुवातीपर्यंत तपासलं. एकही चूक नाही. बटण दाबलं. लाल दिवा.

मग तुमचा चौकटीचा कागद माझ्यासमोर ठेवलात आणि एका अक्षरावर नख टेकवलंत. "बाई, ह्ये अक्षर लंगडं हाय. उजवा पाय भुईला टेकत न्हाई. शेवटच्या वळीत एक चौकोन कमी पडतोय. वरच्या ह्या दुसऱ्या अक्षराचा पाय बघा, कसा पुरा हाय. हितं एक खटका वर करून बघा की."

आर होता तो. ओळ दोनशे त्रेपन्न. मी छापील यादी काढली. यादीत तिथे शून्यच होतं. मी म्हटलं, यादी छापलेली आहे मामा, अमेरिकेत छापलेली आहे. तुम्ही म्हणालात, "छापनारं बी मानूसच." मी म्हटलं, आणि समजा पाय तोकडा पडला, तर अक्षर वाकडं दिसेल, त्याने लाल दिवा का लागेल? मोठ्या तोऱ्यात म्हटलं. बेरजेत सगळ्याच ओळी धरलेल्या असतात, अक्षरांच्यासुद्धा, हे सातवीतल्या मुलीच्या लक्षात आलं असतं. माझ्या नाही आलं. तुम्ही पुन्हा म्हणालात, "करून तर बघा." तेव्हा मी ते वाक्य बोलले. मामी तिथेच होत्या. वाचता वाचता त्यांचं बोट यादीवर तसंच राहिलं होतं.

तुम्ही म्हणालात, "वाचाया येत न्हाई बाई. कापाया येतंय." आणि कागदाची घडी घालून उठलात.

लग्नाच्या चादरींवर नवरानवरीची नावं विणून देतात, त्यांतली इंग्रजी नावं तुम्हीच कापायचा, हे मला ठाऊक होतं. माझ्या मैत्रिणीच्या लग्नातल्या चादरीवरचं नाव तुमच्याच हातचं होतं. आर तुम्ही माझ्यापेक्षा जास्त वेळा, आणि जास्त नीट काढला असेल. हे सगळं ठाऊक असून मी ते बोलले. आणि मामा, त्या एका ओळीवर जाऊन एक खटका वर करायला अर्धं मिनिट लागलं असतं. पुन्हा पहिल्यापासून काही करायचं नव्हतं. अर्धं मिनिट. मी ते दिलं नाही, कारण तुमचं बरोबर निघालं असतं तर मला चाललं नसतं. आज हे लिहिताना माझे कान तापलेत.

दुसऱ्या दिवशी प्रदर्शनात डबा टेबलावर मुका बसला. वर मी पुठ्ठ्यावर "संगणक" असं ठळक अक्षरात लिहून लावलं होतं, मुली येऊन तेच वाचून जात होत्या. दुपारी तुम्ही आलात. इस्त्रीचं धोतर, पांढरी टोपी, शेजारी मामी. रांगेत उभे राहिलात. मी तुम्हाला पाहिलं आणि पाठ फिरवून फळा पुसत राहिले. स्वच्छ फळा पुसत राहिले. वळले तेव्हा तुम्ही नव्हता.

मग संक्रांत आली. संक्रांतीला कुणी कुणाशी अबोला धरत नाही, निदान त्या दिवसापुरता तरी. मी सकाळपासून ठरवत होते की तिळगूळ घेऊन जावं. वाटी भरलीसुद्धा होती. बोळातून माणसं गड्ड्याच्या जत्रेला निघाली होती, पोरं पिपाण्या वाजवत होती, आणि मी स्वयंपाकघरातून बाहेर, बाहेरून स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत होते. तेवढ्यात तुमचाच आवाज आला. "बाई, तिळगूळ."

तुम्ही आपणहून आलात, वयाने एवढे मोठे असून आलात, याचाच मला राग आला. मी आतूनच म्हटलं, "ठेवा तिथं."

मग वाटी टेकल्याचा आवाज, मग तुमच्या चपलांचा. मी खिडकीतून बघितलं तर तुमच्या काखेत फडक्यात बांधलेलं कसलंसं बोचकं होतं. मला वाटलं, देवळाला निघाला असाल. चौथ्या दिवशी शाळेत तुम्ही गेल्याचा निरोप आला. तास अर्धा सोडून मी निघाले आणि चालताना माझ्या डोक्यात एवढंच फिरत होतं, की मी तुमच्याशी बोललेले शेवटचे शब्द "ठेवा तिथं" हे आहेत. अजून तेच फिरतंय. भाजी चिरताना, वर्गात, रिक्षात. मामा, माझ्या भरलेल्या वाटीतला तिळगूळ अजून तसाच आहे. खाववत नाही आणि टाकवतही नाही.

तुमचा दहावा झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी मामी आल्या. काखेत तेच बोचकं. मी त्यांना बसा म्हटलं, त्या बसल्या नाहीत. "बाई, ह्ये तुमचं हाय. संक्रांतीला द्याया आलं हुतं. माघारी घिऊन आलं, म्हनलं, बाईंला आज येळ न्हाई."

फडकं सोडलं. आत मोर विणणाऱ्या जेकार्ड मागाच्या जुन्या कार्डांच्या कापलेल्या पट्ट्या होत्या, एकीला एक दोऱ्याने ओवलेल्या, मागावर ओवतात तशाच. एका ओळीला एक पट्टी. तीनशे एकोणीस. प्रत्येकीवर आठ जागा, एक असेल तिथे भोक. पट्टी मी खटक्यांखाली धरून पाहिली तर भोकं बरोबर खटक्यांच्या खाली येत होती. नोव्हेंबरात एकदा तुम्ही दोऱ्याने खटक्यांची मापं घेत होता, तेव्हा मी काय चाललंय म्हणून खेकसले होते. आता वाचायला नको, डोळा पुढे पळायला नको. भोक दिसेल तो खटका वर.

"रोज जेवन झालं की बसायचं कापाया," मामी म्हणाल्या. "भांडन झालं त्याच दिवसापासनं."

मी पट्ट्या मोजत दोनशे त्रेपन्नवर आले. मला खात्री होती की तुम्ही तिथे तुमचा चौकोन घातला असणार. पण नाही. पट्टी छापील यादीप्रमाणेच होती. माझ्या म्हणण्याप्रमाणे. पाय लंगडा तो लंगडाच ठेवला होतात. फक्त तिच्या मागे आणखी एक सुटी पट्टी होती, लाल दोऱ्याने सैल बांधलेली. तिच्यावर एक भोक जास्त.

तुमची ही रीत तुम्ही मला पहिल्याच आठवड्यात सांगितली होती. गिऱ्हाइकाच्या डिझाइनमध्ये चूक दिसली तरी कापणाऱ्याने आपल्या मनाने दुरुस्त करायची नाही. दिलंय तसंच कापायचं, आणि आपल्याला बरोबर वाटतं ते वेगळं कापून लाल दोऱ्याने मागे बांधून द्यायचं. डिझाइन ज्याचं, दोरा सोडायचा की नाही ते त्याने ठरवायचं. मी तेव्हा म्हटलं होतं, ही कसली मामा भिडस्तपणाची पद्धत, चूक ती चूक, तोंडावर सांगावी. तुम्ही म्हणाला होतात, "सांगायची की. पन मानायची का न्हाई, ते त्येच्यावर सोडायचं."

मी मामींसमोर रडले. त्या रडल्या नाहीत. मला म्हणाल्या, "मंग? बसायचं का?"

परवा रविवारी सकाळी बसलो. त्याआधी मी जे पहिल्या दिवशीच करायला हवं होतं ते केलं, छापील यादीची बेरीज कागदावर हाताने मांडली. तीन वेळा. जुळत नव्हती. एका चौकोनाने कमी पडत होती. तो छापणाराही माणूसच होता मामा. मामी पट्टी ओढत होत्या आणि सवयीने वाचतही होत्या, ओकटी, सुन्ना, ओकटी. मधेच त्या थांबून पाणी पीत, पुन्हा वाचत. तुमची जागा, माझ्या उजव्या खांद्यामागची, रिकामी होती. दिवे तपासायला वळून वळून मी तिकडेच बघत होते.

दोनशे त्रेपन्नला मी लाल दोरा सोडला. तुमची पट्टी लावली. एक खटका वर केला.

शेवटची ओळ गेली आणि लाल दिवा लागला नाही. पडद्यावर उजेड थरथरला आणि शब्द आला. रेडी. पहिलंच अक्षर आर. मला ओरडायचं होतं, मी उठून दारापर्यंत गेलेसुद्धा, तुम्हाला हाक मारायला. दारात उभी राहिले आणि मग आठवलं.

आत आले तर मामी पडद्याच्या अगदी जवळ तोंड नेऊन बघत होत्या. "काय लिव्हलंय?"

"तयार आहे, असं लिहिलंय."

त्यांना त्याच्याशी देणंघेणं नव्हतं. त्या फक्त पहिल्या अक्षराच्या खालच्या टोकाकडे बघत होत्या. "टेकला की पाय," म्हणाल्या. तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या काचेवर होतं, मामा. डबा अक्षरं विणतो. आणि पहिलं विणलं ते तुम्ही कापलेलं.

दादा सांगून गेला होता, एकदा सुरू झालं की यादी कॅसेटवर भरून ठेव, मग पहिल्या पाच-पंचवीस ओळी दिल्या की बाकीचं टेप आपली आपण देईल, दोन-चार मिनिटांचं काम. टेपरेकॉर्डर शेजारीच होता, कोरी कॅसेट आत घातलेली. मी बटणावर बोट ठेवलं होतं. मग पट्ट्यांच्या ढिगाकडे बघितलं आणि बोट काढून घेतलं. मामींनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, पुढच्या रविवारी.

पण रविवारपर्यंत धीर निघाला नाही. काल संध्याकाळी पुन्हा बसलो, आज पुन्हा. मागच्या गल्लीत माग चालू असले तर ते थांबेपर्यंत आम्ही चहा पितो, मामींच्या कपात मी साखर जास्त घालते. मग मामी पट्ट्या ओढतात. चुकीची पट्टी मी काढून टाकलेली नाही, ती मागे बांधून ठेवलीय, लाल दोऱ्यानेच. दोनशे त्रेपन्न आली की मामी वाचायच्या थांबतात आणि माझ्याकडे बघतात.

मी म्हणते, "मामांचं बरोबर आहे."

मग त्या पुढची पट्टी ओढतात.